परदेशी जाताना परवान्याच्या बंदुकांचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: घर कणकवली तालुक्यात, नोकरीसाठी कॅनडाला जायचंय, परत कधी येणार ते ठरलेलं नाही. नावावर दोन बंदुका. एक आजोबांकडून आलेली ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, आणि एक बारा बोअरची दुनळी. घरी आई-वडील आणि धाकटा भाऊ. बंदुका कपाटात कुलपात ठेवून गेलं तर चालेल का, की विकून टाकाव्यात?

कुलपात ठेवून अजिबात जाऊ नका. परवाना तुमच्या नावाचा आहे, घराच्या नावाचा नाही. तुम्ही विमानात बसलात की कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, बंदूक त्याच्या ताब्यात, आणि त्याच्याकडे परवाना नाही. शस्त्र अधिनियमात विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद अशी आहे. आपल्याकडे धोका नेमका कुठे असतो तेही सांगतो. भातात डुक्कर उतरलं की वाडीतलं कुणीतरी येऊन म्हणतं, काका, आजच्या रात्रीपुरती बंदूक द्या. वडिलांना नाही म्हणवत नाही. मग ती राखणीला जाते की पारधीला, हे कोण बघणार? शेतीसंरक्षणाचा परवाना पिकाच्या राखणीसाठी आहे, त्याने शिकारीची मुभा मिळत नाही. पारधीत काही झालं तर वनखातं आणि पोलीस दोघेही बंदुकीच्या नंबरावरून तुमच्यापर्यंत येतील, आणि आई-वडिलांच्या दारात आधी येतील. परवान्यावर घरातल्या कुणाचं नाव राखणदार (रिटेनर, म्हणजे तुमच्या वतीने बंदूक बाळगणारा) म्हणून लिहिलंय का ते मात्र पाहा. असलं तरी ती सोय तुम्ही परवानाधारक म्हणून इथे राहताय असं धरून दिलेली असते. वर्षानुवर्षं परदेशी राहायला ती पुरत नाही.

पर्यायांकडे जाण्याआधी परवान्याचं पुस्तक उघडून बसा. संपण्याची तारीख बघा. हल्ली परवाना पाच वर्षांचा असतो, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी गेला पाहिजे. यूआयएन (प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा एकमेव ओळख क्रमांक) आहे का बघा. तो नसेल तर पुढचं कुठलंच काम होणार नाही, आधी ते निस्तरा. मग वैधतेचं क्षेत्र बघा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ते बहुधा जिल्ह्यापुरतं किंवा त्याहून लहान असतं. म्हणजे फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या विक्रेत्याकडे, किंवा बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात बंदूक न्यायची तर आधी परवानगी लागेल. नुसता परवाना खिशात असून भागत नाही.

शेवटी बंदुकीवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर अक्षर न् अक्षर जुळवून बघा. ठासणीच्या जुन्या बंदुकीत हे काम वाटतं त्यापेक्षा किचकट असतं. नंबर नळीवर ठोकलेला असतो आणि पन्नास पावसाळ्यांच्या गंजाखाली ३ चा ८ दिसायला लागतो, ७ चा १. तिथे पॉलिश पेपर घासू नका. मऊ फडकं रॉकेलमध्ये बुडवून दहा मिनिटं नंबरावर ठेवा, पुसा, आणि बॅटरी आडवी धरून वाचा. ओळखखूण खोडणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि खूण नसलेली बंदूक कायद्याने विकताच येत नाही. नंबर जुळत नसेल तर तसा लेखी अर्ज देऊन दुरुस्ती करून घ्या. तुमचा मूळ परवाना १ मे १९८१ च्या आधीचा, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा होण्यापूर्वीचा असेल, तर पहिली नोंद रत्नागिरीच्या रजिस्टरमध्ये असणार. ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात, ती मिळत नाही म्हणून फाईल अडली तर हे कारण लक्षात ठेवा.

आता काय करायचं. दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर जमा करणं, आणि कायमचं जायचं असेल तर बंदूक विकून किंवा भावाला देऊन आपल्या नावावरून उतरवणं, असा माझा सरळ सल्ला. "बघू पुढे" म्हणणाऱ्यांनी स्वतःला कायमचं जाणाऱ्यांत धरावं, कारण नूतनीकरणाला तुम्ही आणि बंदूक दोन्ही लागता. पोलीस पडताळणी तुमच्या राहत्या पत्त्यावर होते, हत्यार समोर तपासतात. भावाला मुखत्यारपत्र देऊन हे काम निभत नाही.

जमा करायचं तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे. ठाण्यात खर्च जवळपास नाही, पण मुद्देमालाच्या खोलीची ओल तुमच्या बंदुकीला सोडणार नाही. विक्रेता भाडं घेतो, मात्र हत्यार रॅकवर उभं राहतं आणि सांगितलं तर वर्षातून एकदा तेल होतं. दुनळीसाठी मी विक्रेता म्हणेन. त्याचा स्वतःचा परवाना कुठवर चालू आहे ते विचारा आणि पावतीवर तो क्रमांक लिहून घ्या. पावती कुठलीही असो, तिच्यावर बंदुकीचा प्रकार, नंबर, नळीची आणि दस्त्याची स्थिती, काडतुसांची संख्या आणि "परदेशी जात असल्याने सुरक्षित ठेवीसाठी" हे शब्द असले पाहिजेत. तशी नोंद परवान्यावरही करून घ्या आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना विभागात देऊन पोच घ्या.

इथे हमखास एक घोळ होतो. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा होते, माणूस त्याच सुमारास बाहेर जातो आणि समजतो की जमा आहे, झालं काम. तसं नसतं. ती जमा निवडणुकीपुरती असते. निकालानंतर ती परत न्यायला तुम्हीच यायचं असतं. तुम्ही नसाल आणि मधल्या काळात परवानाही संपला तर प्रकरण शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये जातं. त्यात ठरलेल्या मुदतीत परत न नेलेलं किंवा विल्हेवाट न लावलेलं हत्यार जिल्हादंडाधिकारी सरकारजमा करू शकतात. तेव्हा निवडणुकीची पावती असेल तर तिच्यावर विसंबू नका, वेगळा अर्ज द्या.

जमा करण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. दुनळीत हे सोपं आहे: नळ्या खाली मोडून उघडायची, काडतुसांची दोन्ही घरं बघायची. ठासणीच्या बंदुकीत बाहेरून काहीच कळत नाही, आणि कोकणात ती भरून खुंटीला टांगायची सवय जुनी आहे. गज नळीत अलगद तळापर्यंत घाला, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून तोच गज नळीच्या बाजूला लावा. टोक निपलच्या, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बसते त्या बोंडाच्या, पातळीला आलं पाहिजे. दोन-तीन इंच आधीच थांबलं तर आत बार, म्हणजे ठासलेली दारू आणि गोळी, आहे. हे सगळं तोंड नळीसमोर न आणता. बार उडवून काढू नका, जुनी दारू आणि गंजलेली नळी यांचा भरवसा नाही. निपलवर टोपी नाही ना ते बघा, नळीत पाणी ओतून रात्रभर भिजू द्या आणि बार ओढून काढायचं काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून करून घ्या.

मग सफाई. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, म्हणून ठासणीच्या नळीला आधी गरम पाणी आणि साबण, नंतर कोरडी फडकी, आणि नळी हाताला गरम लागत असतानाच तेल. दुनळीला बोअर साफ करायचं सॉल्व्हंट पुरतं. दीर्घकाळ ठेवायचं असेल तर पातळ तेलाच्या जागी ग्रीसचा पातळ हात द्या. पातळ तेल काही महिन्यांत ओघळून खाली जातं आणि वरचा भाग उघडा पडतो. खोबरेल नको, ते चिकट होऊन घोड्याच्या स्प्रिंगेत बसतं. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका, आत ओल अडकते. रेक्झिनची किंवा चामड्याची पिशवीही नको, दमट हवेत तिच्याइतकी गंज धरणारी दुसरी वस्तू नाही. दस्त्याला जवसाचं तेल चोळा, वाळवीला तिथेच जागा असते. आणि बंदुकीला चिठ्ठी बांधा: नळीत ग्रीस आहे, साफ केल्याशिवाय वापरू नये. ग्रीस भरल्या नळीत बार टाकला तर नळी फुगते किंवा फाटते.

भावाच्या नावावर करायची असेल तर नियम नीट समजून घ्या. हयात परवानाधारकाला वारसाच्या नावे परवाना सुचवता येतो, पण त्याचं वय ७० झालेलं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असेल तेव्हा. आजोबांकडे किती वर्षं होती हे इथे मोजत नाहीत, तुमच्या नावावर किती हे मोजतात. तुमची २५ भरली नसतील तर भावाने स्वतःच्या नावे शेतीसंरक्षणाचा नवा परवाना मागायचा. वय २१ पूर्ण, सातबाऱ्यावर त्याचं नाव आणि खरोखर पिकाखाली असलेली जमीन, हे तिन्ही लागेल. सामाईक सातबाऱ्यात भावाचं नाव चढलेलं नसेल तर आधी तलाठ्याकडे जा. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत घर असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. मालवणचं सागरी, रायगडात फणसाड आणि कर्नाळा, सह्याद्रीच्या कड्याला राधानगरी आणि कोयना, ही सगळी अभयारण्यं यात येतात. घाटाखालच्या कित्येक वाड्या नकाशावर त्या वर्तुळात बसतात हे लोकांना फाईल परत आल्यावर कळतं.

विकणं त्यामानाने सरळ. ज्याला द्यायची त्याच्याकडे त्याच प्रकारच्या हत्याराचा परवाना आणि त्यावर जागा हवी. एका परवानाधारकाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून ज्याच्याकडे दोन आहेत तो गिऱ्हाईक नव्हे. त्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हातात द्यायचं नाही. पैसे घेऊन आधी बंदूक दिली आणि कागद मागून केले, यात दोघेही अडकतात. व्यवहारानंतर तुमच्या पुस्तकातून नोंद उतरली पाहिजे आणि त्याच्या पुस्तकात चढली पाहिजे. हेच ४५ दिवस आणि पडताळणीचा वेळ धरून विमानाच्या तारखेच्या सहा महिने आधी सुरुवात करा. भावाचा नवा परवाना असेल तर त्याहून आधी. भावाला दिली तरी ४५ दिवसांची अट सुटत नाही.

ठासणीची बंदूक जुनी म्हणून परवाना लागत नाही, असं गावात छातीठोकपणे सांगतात. सूट आहे ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा हत्याराला. तुमची उडते, म्हणून लागतो.

बरोबर न्यायचा विचार असेल तर सोडा. कॅनडात तिथला परवाना लागतो, इंग्लंडमध्ये तिथल्या पोलिसांचं प्रमाणपत्र, ऑस्ट्रेलियात राज्याच्या पोलिसांची परवानगी, आणि आखाती देशांत तर विषयच काढू नये. ठासणीची शंभर वर्षांवरची असेल तर भिंतीवर लावायला म्हणूनही ती नेताना पुरावस्तू कायद्याचा प्रश्न येतो. आजोबांची आठवण म्हणून काही न्यायचंच असेल तर परवान्याच्या पुस्तकाची प्रत न्या.

काडतुसं आणि दारू विसरू नका. शक्तिमान छापाच्या काडतुसांची अर्धी पेटी माळ्यावर राहिली तर तीही विनापरवाना दारूगोळाच. मोजा, पुस्तकातल्या खरेदीच्या नोंदीशी ताळा घाला आणि बंदुकीबरोबर जमा करा. विहिरीत, खाडीत किंवा चुलीत टाकू नका. कागदी काडतूस फुगलेलं असेल तर ते वेगळं दाखवून द्या. डब्यातली सुटी दारूही तशीच सुपूर्द करा.

एअरगन असेल तर ती वेगळी. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असेल तर परवाना लागत नाही, घरी ठेवायला हरकत नाही. पोरांनी तिने पाखरं मारली तर मात्र वन्यजीव कायदा आहेच.

एक शेवटचं काम, निघायच्या आठवड्यात. राखणीला नेत होतात ती सॅक, खाकी जाकीट आणि जीपचा डॅशबोर्डचा कप्पा उलटा करून झाडा. गोव्यातला मोपा विमानतळ असो की मुंबईचा, सामानाच्या तपासणीत एक विसरलेलं काडतूस निघालं की विमान जातं आणि तुम्ही पोलीस ठाण्यात बसता. परवान्याची प्रत दाखवून पुढे न्यायालयात सुटाल, पण त्या दिवशी नाही. ती सॅक सामानासाठी वापरूच नका.