वडिलांना उभं राहिल्यावर बीपी पडतं म्हणून मिडोड्रिन सुरू झालंय. ते लागू पडतंय का, हे घरी कसं तपासायचं?

नुसतं बसवून मोजलेल्या बीपीवर विसंबू नका, त्यातून हे कळत नाही. आमच्या अण्णांना (सासरे, पार्किन्सन्स) खुर्चीत बसवून मोजलं की १३०/८०. "बीपी छान आहे, पायांत जोर नाही म्हणून पडतात," हे आमच्या वन्संचं ठाम मत, तेही पुण्याहून फोनवर. इकडे अण्णा आरतीला उभे राहिले की दुसऱ्या कडव्याला भिंत धरायचे. शेवटी न्यूरॉलॉजिस्टांनी पाच मिनिटं आडवं ठेवून मोजलं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. उभ्याने बीपी पडतं म्हणायला वरचा आकडा २० ने उतरला तरी पुरे असतं. अण्णांचा त्याच्या दुप्पट उतरला.

गोळी सुरू झाल्यावर मी तसंच मोजायचे, गोळीआधी आणि नंतर तासाभराने. आकडा फारसा चढेना. वन्सं म्हणाल्या, बंद करा. पण अण्णा आता अख्खी आरती न टेकता म्हणत होते, दाढी उभ्याने करत होते! अमेरिकेत हे औषध १९९६ मध्ये मंजूर झालं तेच मुळी उभ्याचा आकडा वाढतो एवढ्यावर. रोजच्या जगण्यात फरक पडतो हे कंपन्यांनी सिद्ध करून दिलं नाही, म्हणून २०१० मध्ये तिथल्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मंजुरी काढायचा प्रस्ताव मांडला. रुग्ण-डॉक्टरांनी ओरड केली, औषध राहिलं. म्हणजे नुसत्या आकड्यावर भांडण तिथेही झालंय, वन्सं.

दिवाळीला त्या आल्या. दुपारची गोळी झाली आणि लगेच, "दमलेत, पडू दे गं जरा." पडू दिलं आणि पट्टा बांधला. वरचं १९०. मग उशा लावून अण्णांना बसवलं, आणि त्या विषयावर पुन्हा फोन आला नाही. गोळी घेऊन आडवं झालं की बीपी असं चढू शकतं, तेव्हा आडव्याचं बीपीही मोजाच. शेवटची गोळी झोपण्याच्या निदान चार तास आधी. टाळूला खाज, अंगावर काटा आला तर घाबरू नका, गोळीचा तो गुणच आहे.

हो, उभं करून मोजताना शेजारी कुणीतरी हवंच, अंधारी आली की लगेच बसवा. डोस कमी-जास्त डॉक्टरच करतील, मी नाही आणि तुमची नणंदही नाही. वडील प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असतील तर तेही सांगा, त्यानेही बीपी पडतं.