घरबसल्या सौंदर्यप्रसाधनांची थेट विक्री करून पाहावी का? खरंच पैसे सुटतात का?

तुम्ही लिहिलंय की ओळखीतली एक मैत्रीण सौंदर्यप्रसाधनांच्या थेट विक्रीत (म्हणजे दुकानाशिवाय, कंपनीचा माल ओळखीपाळखीत स्वतः विकण्याच्या कामात) 'जॉइन हो' म्हणून मागे लागली आहे. घर सांभाळून होतं, गुंतवणूक फारशी नाही, असं ती सांगते. तुम्हाला मेकअपची आवडही आहे. पण यातून खरंच चार पैसे सुटतात का, आणि हो म्हणण्याआधी काय बघायचं, हा तुमचा प्रश्न आहे.

मी हे काम केलंय आणि आजही मोजक्या, ठरलेल्या ग्राहकांसाठी करते. म्हणून स्पष्टच सांगते: माल विकायचा असेल तर जरूर करून पाहा, माणसं जोडायची असतील, म्हणजे नव्या विक्रेत्या भरती करून त्यावर कमवायचं असेल, तर नको. हे दोन वेगळे धंदे आहेत. तुम्हाला बोलावणारी व्यक्ती दोन्ही एका दमात सांगते, त्यामुळे क्रीम विकून मिळणारा पैसा कुठे संपतो आणि भरतीचा पैसा कुठे सुरू होतो, ते ऐकणाऱ्याला कळतच नाही.

आधी विक्रीचं बघू. नफा म्हणजे कॅटलॉगवरची किंमत आणि तुम्हाला पडलेली किंमत यातला फरक. समजा, १०० ची वस्तू तुम्हाला ७५ ला मिळते (कंपनीगणिक हे बदलतं, मी नुसतं हिशेबासाठी धरतेय). कंपनीच्या मीटिंगमध्ये 'पंचवीस टक्के नफा' असं सांगतात. प्रत्यक्षात ओळखीचा ग्राहक दहा तरी कमी करून मागतोच. राहिले १५. त्यातून सॅम्पल, पिशवी, पोचवायचा खर्च आणि फोन मिळून ५ गेले असं धरा. हातात १० उरले. आता यातली एक वस्तू उधारीवर गेली आणि पैसे बुडाले, तर तुमच्या खिशातले ७५ गेले. ते भरून काढायला आणखी सात-आठ वस्तू विकाव्या लागतात. म्हणून या धंद्यात उधारी अजिबात नको, सख्ख्या बहिणीलासुद्धा नको. ऑर्डर घेतानाच पैसे घ्यायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून लावला तर कुणाला वाईट वाटत नाही. नंतर लावला तर सगळ्यांना वाटतं.

या हिशेबात तुमचा वेळ अजून धरलेलाच नाही. शेड विचारणारे मेसेज, 'बघून सांगते' म्हणून गेलेल्यांना परत विचारणं, माल आल्यावर वाटणं, एखादीची वस्तू बदलून देणं, हे सगळं संध्याकाळच्या वेळात येतं, म्हणजे नेमकं घरच्यांना तुम्ही हव्या असता तेव्हा. पहिल्या महिन्यापासून वहीत तास लिहा आणि उरलेल्या पैशाला तासांनी भागा. आकडा तुम्हाला पटला तर पुढे चालू ठेवा.

इतकं असूनही मी हे काम का करते, तर त्यातला एक भाग मला मनापासून आवडतो: समोर बसून नीट बघून दिलेली वस्तू. फाउंडेशनचंच घ्या. बहुतेक जणी शेड मनगटावर लावून बघतात, आणि मनगटाचा रंग चेहऱ्याशी जुळतोच असं नाही. मी ग्राहकाला खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून बसवते. जबड्याच्या कडेला तीन शेडचे तीन बारीक पट्टे ओढते आणि मग आम्ही दुसऱ्याच गप्पा मारतो. काही फाउंडेशन हवा लागल्यावर जराशी गडद होतात, त्यामुळे लगेच दिसणारा रंग खरा नसतो. दहा-पंधरा मिनिटांनी आरसा दिला की तिलाच दिसतं, तीनपैकी कुठला पट्टा त्वचेत नाहीसा झालाय. तो तिचा शेड. दुकानाच्या दिव्याखाली घाईघाईत हे होत नाही. थेट विक्रीत तुमच्याकडे असलेलं खरं भांडवल हेच आहे, आणि ते सुरुवातीला विकत घ्याव्या लागणाऱ्या कुठल्याही किटमधून येत नाही.

यात स्वच्छता मात्र काटेकोर हवी. लिपस्टिक कधीही थेट ओठांना लावून दाखवू नका. स्पॅट्युलाने थोडी खरवडून, एकदाच वापरायच्या ब्रशने लावा. मस्काऱ्याची कांडी दोघींच्या डोळ्यांना लागता कामा नये. डब्यावर उघड्या बरणीचं छोटं चित्र आणि त्यात १२ किंवा ६ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची, असा त्याचा अर्थ. टेस्टरवर उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवा. नवीन क्रीम देताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघायला सांगा. आणि 'डाग जातील', 'पिंपल्स बऱ्या होतील' असं वचन देऊ नका, मग ते मीटिंगमध्ये कितीही जोरात सांगितलेलं असो. त्वचेचा आजार दिसला तर डॉक्टरकडे पाठवा. 'हे तुझ्यासाठी नाही, घेऊ नकोस' असं मी ज्यांना सांगितलं, त्यातल्या कितीतरी जणी पुढे कायमच्या ग्राहक झाल्या.

थेट विक्रीचा मूळ जीवही हाच होता. १८८६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मॅककॉनेल नावाचा दारोदार पुस्तकं विकणारा माणूस पुस्तकांसोबत अत्तराचे नमुने द्यायचा. बायकांना पुस्तकांपेक्षा अत्तरात जास्त रस आहे हे बघून त्याने अत्तराचीच कंपनी काढली. तीच पुढे एव्हॉन झाली. तिची पहिली प्रतिनिधी होती मिसेस आल्बी नावाची बाई. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये, म्हणजे त्याच्या तीसेक वर्षं आधीपासून बायका या कामातून स्वतःची कमाई करत होत्या. मला या गोष्टीचं अप्रूप आहे, आणि म्हणूनच या कामाला सरसकट 'फसवणूक' म्हटलेलं मला आवडत नाही.

फसवणूक सुरू होते ती दुसऱ्या धंद्यात. त्याचाही जुना दाखला सौंदर्यप्रसाधनांचाच आहे. कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी नावाच्या अमेरिकी प्रसाधन कंपनीबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातली फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने, १९७५ मध्ये निकाल दिला. त्यात पिरॅमिड (म्हणजे नवी माणसं आत आणण्याच्या पैशावर चालणारी फसवी योजना) ओळखायची जी कसोटी लावली गेली, ती आजही वापरतात. माणूस पैसे भरतो आणि त्या बदल्यात त्याला दोन गोष्टी मिळतात: माल विकायचा हक्क, आणि इतरांना आत आणल्याबद्दल मोबदला, ज्याचा खऱ्या वापरणाऱ्याला झालेल्या विक्रीशी संबंध नसतो. यातली दुसरी गोष्ट आली की ते पिरॅमिड.

पुढे १९७९ मध्ये त्याच आयोगाने अॅमवे या थेट विक्रीच्या कंपनीच्या खटल्यात ती कंपनी पिरॅमिड नाही असं ठरवलं, आणि त्यामागे कंपनीचे काही नियम होते: घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के विकला गेला पाहिजे, महिन्याला दहा वेगवेगळ्या ग्राहकांना विक्री झाली पाहिजे, आणि सोडून जाणाऱ्याचा न विकलेला माल परत घेतला गेला पाहिजे. (त्याच निकालात किमती ठरवून देणं आणि कमाईचे फुगवलेले दावे याबद्दल कंपनीला ठपकाही बसला होता, हे कुणी सांगत नाही.) तुमच्या मैत्रिणीच्या कंपनीचा करारनामा हातात घ्या आणि या तिन्ही गोष्टी त्यात आहेत का ते शोधा. माल परत घेण्याचं कलम तर शब्दन् शब्द वाचा: किती दिवसांत, किती टक्के कापून, सील फोडलेलं चालतं का, आणि परत पाठवायचा खर्च कुणाचा.

माणसं जोडण्याचं गणित कागदावर मोहक दिसतं, म्हणून तेही एकदा शेवटपर्यंत करून बघा. 'तू फक्त सहा जणी आण, त्या प्रत्येकी सहा आणतील.' ६, ३६, २१६, १२९६... असं करत तेराव्या पायरीवर संख्या होते १३ अब्जांच्या वर. पृथ्वीवर माणसं आहेत आठ अब्जांच्या आसपास. म्हणजे तळाशी असलेल्यांना खाली कुणी मिळणारच नाही, आणि अशा रचनेत सगळ्यात जास्त माणसं नेहमी तळाशीच असतात. त्यात कुणाच्या मेहनतीचा किंवा 'पॉझिटिव्ह विचारांचा' प्रश्न येत नाही.

आता जिथे बहुतेक जणींचे पैसे अडकतात त्या जागेबद्दल. महिना संपत आला की अपलाइनचा, म्हणजे तुम्हाला आत आणणाऱ्या वरच्या विक्रेतीचा, फोन येतो. आवाज अगदी गोड असतो. "अगं, थोडेच पॉइंट कमी पडताहेत तुझे. लेव्हल हातची जाईल. एक ऑर्डर स्वतःच्या नावावर टाक ना, पुढच्या महिन्यात सहज विकली जाईल." मला असे फोन यायचे, आणि माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या कितीतरी जणींना यायचे. ती बाई वाईट नसते. तिच्यावरही तिच्या अपलाइनचा तोच दबाव असतो. पण त्या क्षणी काय घडतं ते नीट बघा. तुम्ही पैसे भरले की कंपनीच्या लेखी विक्री झाली, अपलाइनचं कमिशन लागलं, तुमची लेव्हल, म्हणजे कंपनीतली पायरी, टिकली. ग्राहक मात्र अजून कुठेच नाही. तो माल कपाटात जातो. पुढच्या महिन्यात नवा कॅटलॉग येतो, त्यात तीच वस्तू ऑफरमध्ये असते, आणि तुमचा आधीच्या भावाचा माल कुणी घेत नाही. लिपस्टिकच्या चालणाऱ्या शेड चार-पाच असतात, कपाटात उरतात त्या बाकीच्या. शेवटी कुणीतरी वैतागून तोच माल ऑनलाइन पडेल भावात काढतं, आणि मग तुमचा ग्राहकच तुम्हाला विचारतो, "तिकडे इतकं स्वस्त कसं?"

म्हणून माझा नियम साधा आहे: पैसे देऊन झालेल्या ऑर्डरीशिवाय माल मागवायचा नाही. टेस्टर तेवढे माझे. लेव्हल गेली तर जाऊ दे. लेव्हल टिकवायला दर महिन्याला खिशातून घालावं लागत असेल, तर तो पगार नाही, वर्गणी आहे.

कंपनी कमाईचा तक्ता प्रसिद्ध करत असेल तर तोही मागून घ्या. वाचताना वरच्या ओळी सोडा आणि सगळ्यात खालच्या पायरीवर किती टक्के माणसं आहेत तिकडे बघा. तिथलीच रक्कम तुम्हाला लागू होण्याची शक्यता जास्त. शिवाय तळटीप वाचा. अशा तक्त्यांत बरेचदा खर्च वजा केलेला नसतो, आणि काही तक्त्यांत वर्षभरात काहीच न मिळवलेले लोक मोजणीतूनच वगळलेले असतात.

नात्यांचा मुद्दा तुम्ही प्रश्नात काढला नाही, पण तो पैशाइतकाच मोठा आहे. पहिले दोन-तीन महिने घरचे आणि मैत्रिणी तुमच्यासाठी घेतात, वस्तूसाठी नाही. त्या विक्रीवरून धंदा चालतोय असं समजू नका. खरी परीक्षा दुसऱ्या ऑर्डरला असते. डबा संपल्यावर तुम्ही आठवण न करता एखादीने स्वतःहून फोन केला, तर ती ग्राहक. तुमचा फोन बघून एखादी उचलेनाशी झाली, तर तिला विकणं त्या दिवसापासून बंद करा. आणि 'नुसतं भेटायला ये' म्हणून बोलावून मीटिंगमध्ये बसवणं तर कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. तसं बसवल्यावर तुटलेल्या मैत्री मी बघितल्या आहेत, आणि त्या परत जुळलेल्या नाहीत.

सुरुवात करायचीच असेल तर सगळ्यात लहान किट घ्या, आणि ते पैसे पूर्ण बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढेच घाला. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर तर मुळीच नको. सगळा कॅटलॉग विकायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही स्वतः वापरून बघितलेल्या चार-पाच वस्तूंपुरतंच काम करा, आणि विक्रीचा पैसा घरच्या पैशात मिसळू नका.

किट घेण्याआधी मैत्रिणीला मात्र एवढं विचारा: तुझ्या गेल्या सहा महिन्यांच्या कमाईत, ज्यांनी कंपनीच्या प्लॅनमध्ये विक्रेती म्हणून नाव नोंदवलेलं नाही अशा साध्या ग्राहकांच्या खरेदीतून किती आलं? तिने वही काढून दाखवली, तर तिच्याच हाताखाली शिका, ती तुम्हाला काम शिकवू शकेल. तिने विषय बदलला किंवा 'आधी मीटिंगला तर ये' म्हणाली, तर तिच्याकडून आवडलेली एखादी लिपस्टिक घ्या, पैसे रोख द्या, आणि फॉर्म भरू नका.