असिंक कोड वाचताना आधी तो थांबतो कसा ते शोधा

प्रश्न मला समजला तो असा: महापेला सपोर्टमध्ये नोकरी, पायथन बऱ्यापैकी येतं, असिंक-अवेटची (एक काम वाट बघत असताना दुसरं चालवण्याची पद्धत) दोन-तीन ट्युटोरियल्स करून झाली, पण गिटहबवरचा खरा प्रकल्प उघडला की काही वेळातच कुठे आहोत तेच कळेनासं होतं. तर कुठला प्रकल्प वाचावा, सुरुवात कुठून करावी, आणि घणसोली ते ठाणे लोकलमध्ये फोनवर वाचलं तर चालेल का?

कळेनासं होतं यात तुमचं काही चुकत नाही. साधा कोड वरून खाली वाचत गेलं की उलगडतो. असिंक कोडमध्ये फंक्शन अवेटपाशी मधूनच उठून जातं, आणि तेवढ्या वेळात दुसरं कोण चालतं ते त्या फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. गिरणीत दळणाचा डबा ठेवून आपण भाजीला गेलो, एवढंच तुमच्या कोडमध्ये दिसतं. दळण कधी झालं आणि हाक कुणी मारली, ते कळायला गिरणीतच डोकावावं लागतं.

म्हणून पहिलं वाचन इव्हेंट लूपचं, म्हणजे कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवत फिरत राहणाऱ्या कोडचं. आपल्या उदाहरणातली गिरणी ती हीच. पायथनच्याच असिंक-आयओ या लायब्ररीत 'बेस इव्हेंट्स' नावाची फाइल आहे, तिच्यात 'रन वन्स' हे फंक्शन शोधा. शंभर ओळींच्या आतलं आहे. त्यात दोन याद्या आहेत: आत्ता चालवायला तयार असलेली कामं, आणि पुढच्या एखाद्या वेळेला लावून ठेवलेली कामं. दर फेरीत लूप आधी ठरवतो की किती वेळ झोपायचं. तयार काम असेल तर अजिबात नाही, नसेल तर सर्वात जवळच्या टायमरपर्यंत. मग तो ऑपरेटिंग सिस्टमला विचारतो की कुठल्या सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या टोकावर) काही आलंय का, वेळ झालेले टायमर तयार यादीत टाकतो, आणि ती यादी चालवतो. यादी चालवण्याआधी तिची लांबी मोजून ठेवलेली आहे, त्यामुळे याच फेरीत नव्याने आलेलं काम पुढच्या फेरीत जातं. तिथे एक टिप्पणीही आहे, तिचा आशय असा की कॉलबॅक, म्हणजे यादीतली ही कामं, प्रत्यक्षात फक्त याच जागी चालवले जातात, बाकी सगळीकडे ते नुसते यादीत जातात. माझ्या मते ही एक टिप्पणी अख्ख्या ट्युटोरियलच्या तोडीची आहे. ती पटली की एका जागी साधं टाइम-स्लीप (अवेट न करता नुसतं थांबवून ठेवणारं) घातल्यावर सगळंच का गोठतं, ते वेगळं शिकावं लागत नाही.

लगेच त्याच्या जोडीला रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसची 'एई डॉट सी' फाइल उघडा. रेडिस 2009 साली आलं, आणि सॅल्वातोरे सॅनफिलिप्पो यांनी लिहिलेला त्याचा इव्हेंट लूप या एका छोट्या फाइलमध्ये मावतो. सी जेमतेम येत असलं तरी चालेल. इथे टायमर साध्या लिंक्ड लिस्टमध्ये आहेत, क्रमानेही लावलेले नाहीत. पायथनवाल्यांनी तिथे हीप वापरलाय, म्हणजे सर्वात आधीचा टायमर चटकन हाती येईल अशी रचना. रेडिसच्या कोडमध्ये लिहूनच ठेवलंय की हे सुधारता येईल, पण आजवर गरज पडलेली नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की लूपचा गाभा कोणता आणि आवडीनिवडीचा भाग कोणता, ते वेगळं होतं.

आता मुख्य मुद्दा. प्रकल्प कुठलाही घ्या, सगळं सुरळीत चालतं तो मार्ग आधी वाचू नका. तो सगळीकडे सारखाच असतो: जोडणी घे, वाच, उत्तर दे. कस लागतो तो काम मध्येच तोडावं लागतं तेव्हा. टोकियो या रस्ट भाषेतल्या असिंक लायब्ररीवाल्यांचा 'मिनी-रेडिस' हा मुद्दाम शिकण्यासाठी लिहिलेला प्रकल्प आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नाही. भाषा अर्थात रस्टच, पण सर्व्हरच्या फाइलमधल्या टिप्पण्या इतक्या सविस्तर आहेत की रस्ट न येताही अर्थ लागतो. तिच्यात तीन गोष्टी बघा. एकावेळी 250 च जोडण्या घेण्यासाठी लावलेला सेमाफोर, म्हणजे मोजके परवाने देणारा पहारेकरी. जोडणी घेताना त्रुटी आली तर 1 सेकंद, 2 सेकंद, 4 सेकंद असं थांबून पुन्हा प्रयत्न करणं. आणि कंट्रोल-सी दाबल्यावर सगळ्या टास्कना (लूपवर चालणाऱ्या स्वतंत्र कामांना) 'बंद करा' हा निरोप जाणं आणि शेवटची टास्क संपेपर्यंत वाट पाहणं. मर्यादा, चूक आणि बंद होणं. या तिन्हींची उत्तरं ज्या प्रकल्पात सापडत नाहीत तो नमुना म्हणून घेऊ नये, मग त्याला गिटहबवर कितीही तारे असोत.

पायथनमध्ये याच नजरेने बघायचं तर 'कॅन्सल्ड एरर', म्हणजे टास्क रद्द केली की तिच्यात उठणारी त्रुटी, कुठे पकडलाय ते शोधा. 3.8 आवृत्तीपासून तो साध्या 'एक्सेप्शन'च्या पोटात राहिलेला नाही. त्याआधी टास्कमधल्या 'व्हाइल' लूपमध्ये 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहून नुसता लॉग केला की रद्द केलेली टास्क मरतच नसे. नुसतं 'एक्सेप्ट' लिहिलं तर आजही तेच होतं. दुसरं, 'क्रिएट टास्क'ने बनवलेली टास्क कुठे साठवलीये ते बघा. इव्हेंट लूप तिचा वीक रेफरन्सच (तिला जिवंत न ठेवणारा दुवा) ठेवतो, म्हणजे तुम्ही ती कुठे धरून ठेवली नाहीत तर अर्ध्यातच गायब होऊ शकते. जाणती माणसं तिला एका सेटमध्ये ठेवतात, किंवा 3.11 पासून आलेला 'टास्क ग्रुप' वापरतात.

नमुना किती जुना आहे तेही आधी बघा. 'यील्ड फ्रॉम' आणि कोरूटीनचा डेकोरेटर दिसला तर तो 2015 च्या आधीच्या वळणाचा कोड. तो डेकोरेटर 3.11 मध्ये काढूनच टाकलाय. इतिहास म्हणून ठीक, नक्कल करू नका. मोठे वेब फ्रेमवर्क तूर्त राहू देत.

वाचलेलं मोडूनही बघा. असिंक-आयओचा डीबग मोड चालू करा, उतरवून घेतलेल्या कोडमध्ये मधेच 300 मिलिसेकंदांचं साधं टाइम-स्लीप घाला. 100 मिलिसेकंदांच्या वर रेंगाळलेल्या कॉलबॅकची तक्रार लॉगमध्ये येईल. आमच्याकडे तुर्भ्याच्या शीतगृहांतल्या तापमानाच्या नोंदी गोळा करणारी सेवा आहे. तिच्यावर काम करायला येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, कारण एका सेन्सरचं उत्तर उशिरा आलं तर उरलेले का अडतात, हा प्रश्न तिथे रोजचा आहे.

लोकलचं म्हणाल, तर फोनवर कोड वाचू नका. दोन फाइल शेजारी ठेवता येत नाहीत आणि चालवून बघता येत नाही. गर्दीत उभं राहून बंद झालेले इश्यू (गिटहबवर नोंदवलेल्या आणि निकालात निघालेल्या तक्रारी) मात्र छान वाचता येतात. त्या-त्या प्रकल्पात 'कॅन्सल', 'टाइमआउट', 'हँग' असे शब्द टाकून शोधा, आणि ज्या इश्यूला दुरुस्तीचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) जोडलेला आहे तेवढेच उघडा. त्यातला एखादा घरी गेल्यावर दुरुस्तीच्या आधीच्या कमिटवर जाऊन स्वतः घडवून बघा. अडलात तर कुठला इश्यू आणि कुठला कमिट ते इथे लिहा, मी बघतो.