श्रीलंकेत आठ दिवसांत आई-वडिलांना घेऊन कुठे कुठे जावं?

तुमच्या यादीत कोलंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, गॉल आणि मिरिस्सा आहे. आठ दिवस, सोबत सत्तरीचे आई-वडील. होईल, पण निम्मी सहल गाडीतच संपेल. डोंगरातले रस्ते वळणाचे आणि अरुंद, शंभर किलोमीटरला तीन तास सहज जातात. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, त्यावरून सांगतो.

कोलंबो गाळा. विमानतळ तसाही शहराबाहेर, नेगोंबोजवळ आहे. तिथून थेट अनुराधपुराला, श्रीलंकेच्या प्राचीन राजधानीला जा. तुमच्या यादीत ते नाहीच आणि टूरवालेही बऱ्याचदा ते वगळतात. मी मात्र दुसरं काहीही वगळेन, पण हे नाही. अशोकाची मुलगी संघमित्ता हिने इ.स.पू. तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष तिथे आजही आहे, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. जवळच रुवनवेलिसायाचा पांढराशुभ्र स्तूप. जेतवनाचा विटांचा स्तूप बांधला तेव्हा सुमारे 122 मीटर उंच होता म्हणतात. आम्ही मूर्खासारखे दुपारी एकला पोचलो. चपला बाहेर काढायच्या, टोपीही नाही आणि खाली तापलेली फरशी. आम्ही टाचांवर उड्या मारत होतो. शेजारून पांढऱ्या साडीतली एक आजी कमळाच्या पाकळ्या एकेक करून मागे दुमडत, त्याच फरशीवरून शांतपणे चालत गेली. मोजे चालतात, ते जवळ ठेवा. खरं तर संध्याकाळीच जा.

सिगिरियाला सुमारे 1200 पायऱ्या आहेत. सकाळी सातच्या आत चढायला लागा. पाचव्या शतकातल्या काश्यप राजाचा हा खडकावरचा महाल. मधल्या कपारीतल्या चित्रांचे फोटो काढू देत नाहीत. ती चित्रं बघून मला अजिंठाच आठवला. गंमत म्हणजे अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाचा व्यापारी लंकेत कसा पोचला, ती कथाच रंगवलेली आहे. आई खालच्या पाण्याच्या बागेत बसून राहिली आणि खूश होती. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, 'आवाज करू नका' अशा पाट्या खऱ्या समजा.

कँडीत दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर, दळदा मालिगावा. पूजेच्या वेळीच जा, ढोल वाजतात तेव्हा. 1950 साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते, त्यामुळे नागपूरकडची मंडळी इथे हमखास भेटतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथे हे फार मनाला लावून घेतात.

नुवारा एलिया मी गाळेन. मुन्नार पाहिलं असेल तर चहाचे मळे नवे नाहीत. हवं तर कँडीहून एल्लाच्या रेल्वेतून बघा, सहा-सात तास लागतात. आरक्षण महिनाभर आधीच संपतं. आम्हाला मिळालं नाही, म्हणून गाडीने नुवारा एलियाजवळच्या नानुओया स्टेशनपर्यंत जाऊन तिथून रेल्वेत बसलो. उरलेला प्रवास तीन तासांचा, आणि आईला तेवढाच झेपला असता. पावसाळ्यात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, निघण्याआधी चौकशी करा.

गॉलचा किल्ला संध्याकाळी तटावरून फिरायचा. डिसेंबर ते मार्च असेल तर दोन रात्री तिकडे समुद्राकाठी काढा. मे ते सप्टेंबर असेल तर दक्षिणेला धो धो पाऊस असतो, तेव्हा उलट पूर्वेच्या त्रिंकोमालीला जा.

पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते. दारू मिळत नाही, देवळांत गर्दी उसळते. तारखा ठरवताना कॅलेंडर बघा.

तुम्ही शाकाहारी म्हणताय, तर एक. नारळाचा तो लाल 'पोल संबोल' आपल्या चटणीसारखा दिसतो, पण त्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा, म्हणजे 'उंबलकड' असतो. नुसतं 'नो फिश' म्हटलं तर त्यांना तो मासा वाटत नाही. 'उंबलकड नको' असं सांगा.