रोममधल्या प्राचीन मंदिरांचे फोटो चांगले कसे काढावेत?

रोममध्ये तुमच्याकडे दोनच दिवस आहेत, हाताशी फक्त मोबाइल आहे, आणि मंदिरांचे फोटो पोस्टकार्डासारखे नकोत, असं तुम्ही लिहिलंय. मोबाइल पुरेसा आहे. आधी देवळाचं तोंड कुठे आहे ते बघा.

रोमन देऊळ चारी बाजूंनी सारखं नसतं. उंच जोतं, पायऱ्या फक्त समोर आणि मोकळे खांबही बहुतेक समोरच. बळी द्यायची वेदी बाहेर पायऱ्यांपाशी असायची, लोक तिथेच जमायचे. म्हणून सगळा थाट दर्शनी बाजूला.

हे नीट पाहायचं तर टायबर नदीकाठच्या पोर्तुनस या बंदरांच्या देवाच्या देवळाकडे जा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं हे छोटं देऊळ मला फार आवडतं. अगदी समोर उभं न राहता कोपऱ्याकडून तिरका फोटो घ्या. समोरचे खांब मोकळे उभे आहेत आणि बाजूचे भिंतीत अर्धे बुडालेले, हे एकाच फ्रेममध्ये येतं. शेजारी हर्क्युलिसचं गोल देऊळ आहे, ग्रीक वळणाचं. त्याचे 20 पैकी 19 संगमरवरी खांब शिल्लक आहेत. त्याला मात्र चक्कर मारा, कारण उन्हातून सावलीत जाणारी खांबांची रांग हाच तिथला फोटो आहे.

मोबाइल वर तिरका केला की खांब मागे कललेले दिसतात. तो सरळ उभा धरा, शक्य तितकं मागे जा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. वाइड अँगलचा मोह टाळा.

फोरमसाठी, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांसाठी, संध्याकाळ राखून ठेवा. कॅपिटोलिन टेकडीवरून तिकिटाशिवाय खालचं दृश्य दिसतं, आणि दुपार कलल्यावर सूर्य तुमच्या पाठीशी असतो. सॅटर्नच्या देवळाचे उरलेले 8 खांब तिथून अगदी जवळ आहेत.

आता पँथिऑन, म्हणजे मोठ्या घुमटाचं प्राचीन देऊळ. त्याचं तोंड उत्तरेला, त्यामुळे दर्शनी मंडप बराच वेळ सावलीत असतो. बाहेर उन्हासाठी ताटकळू नका, आत जा. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे 43 मीटर. वरच्या उघड्या झरोक्यातून पडणारा कवडसा दुपारच्या सुमारास दाराच्या बाजूला असतो. हिवाळ्यात तो घुमटावरच राहतो, उन्हाळ्यात फरशीपर्यंत उतरतो. 21 एप्रिलच्या सुमारास भर माध्यान्ही तो थेट दारावर येतो. स्क्रीनवर कवडशाच्या कडेला बोट टेकवून एक्सपोजर (फोटोचा उजेड) खाली ओढा. अंधार झाला तरी चालेल, घुमटातल्या चौकटींची खोली त्यानेच दिसते.

बाहेर आलात की तोंडाकडे पाहत डावीकडच्या कोपऱ्यातल्या खांबाचं शीर्ष झूम करून बघा. पानांमध्ये मधमाशी कोरलेली आहे. ते बार्बेरिनी घराण्याचं चिन्ह. त्या घराण्यातले पोप आठवे अर्बन यांच्या काळात, सतराव्या शतकात, हा खांब नव्याने बसवला गेला. बाकीच्या शीर्षांवर ती नाही.

पँथिऑनला आता तिकीट आहे. इसवी सन 609 पासून ते चर्च असल्यामुळे शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तिथे मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) होते. त्या वेळा टाळूनच बुकिंग करा.