गॅप पडली तर पडू दे

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा मी जागाच होतो. वर "टायपिंग" दिसायचं, जायचं, परत दिसायचं, असं बराच वेळ चाललं आणि शेवटी आलं काय तर एक ओळ, "काका मी क्लब सोडू का, की मोठी गाडी घेऊ?" घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली या दोन प्रश्नांचा काय संबंध. ज्याने बाईकच्या ग्रुपमध्ये गाडी चालवलीय त्याला लगेच कळेल. म्हणून बसून नीट लिहितोय, व्हॉट्सअॅपवर हे मावणार नाही.

हेल्मेट, जॅकेट, बूट यावर तुला काही सांगत नाही, तुझं हेल्मेट माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि पट्टा लावलेला असतो, जे आमच्यातल्या दोन जुन्या खोडांना अजून जमत नाही. बोलायचंय ते गॅपवर, म्हणजे पुढच्या गाडीशी पडणाऱ्या अंतरावर.

रविवारी क्लबच्या राईडला मी तुझ्या मागेच होतो. स्वीप म्हणजे सगळ्यात मागचा, त्याला निसर्ग दिसत नाही, पाठी दिसतात. पुण्याच्या चांदणी चौकातून निघाल्यापासून पौडच्या पुढेपर्यंत तू छान चालवत होतीस, खांदे सैल, पुढच्याशी अंतर व्यवस्थित, खड्डा आला की डावा पाय बाहेर काढून मागच्याला दाखवत होतीस. मग मुळशीच्या पुढे तो ट्रक आला. पुढचे तिघं ओव्हरटेक करून गेले, तू अडकलीस, आणि बरोबरच अडकलीस, समोर वळण होतं. पण तिथून पुढे तू बदललीस. मागून स्पष्ट दिसलं मला, खांदे कानाला टेकले, कोपरं ताठ झाली. ट्रक सुटल्यावर जी पळवलीस ती ताम्हिणी मागे पडून कोकणात उतरायला लागलो तरी कमी केली नाहीस. आणि मग ते डावं वळण. ब्रेक लाईट वळणाच्या आधी लागायला हवा, तुझा लागला वळणाच्या मधोमध. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की गाडी उभी राहायला बघते आणि सरळ जाते, गेलीच. पट्टीच्या पलीकडे. समोरून आलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याने गाडी पार कडेच्या दगडांना घासत नेली म्हणून आज आपण बोलतोय. त्याने जी शिवी हासडली ती तुला हेल्मेटमध्ये ऐकू आली नसेल, मला आली, आणि मी मनात त्या माणसाच्या पाया पडलो.

तू तेव्हा कुठे बघत होतीस सांगू? वळणाकडे नाही. पुढच्याचा टेललाईट दिसतोय का तेच शोधत होतीस. गाडी आपण बघू तिकडे जाते, हे तुला माहीत आहे, पहिल्या दिवशी तूच मला सांगितलं होतंस कुठल्यातरी व्हिडिओत बघून. मग?

गॅप पडली तर पडू दे. पुढचा दिसेनासा झाला तर होऊ दे.

हे मी प्रत्येक ब्रीफिंगला बोलतो आणि प्रत्येक ब्रीफिंगला पोरं चहाकडे बघत असतात. तुला म्हणून जरा फोड करून सांगतो. दहा गाड्यांच्या रांगेत लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा, स्पीडब्रेकर ओलांडून परत साठला जातो तेव्हा दहावा अजून ब्रेकरवरच असतो. लीडने साठ धरले तरी शेवटच्याला रांग पकडायला ऐंशी करावे लागतात, रबर ताणल्यासारखं होतं ते. लीडला वाटतं मी तर निवांत चाललोय, आणि मागचा जीव खाऊन पळवतोय, आणि मागे नवखा असला की सगळ्यात नवखा माणूस सगळ्यात जोरात. यावर इलाज एकच, मागच्याने पकडायचंच नाही. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. पुढचा एखाद्या खांबापाशी गेला की मनात एक हजार एक, एक हजार दोन म्हणायचं आणि मग तू त्या खांबाशी यायचं, तेवढं अंतर म्हणजे तीन एसट्या एकामागे एक लावल्या तर जेवढी जागा लागेल तेवढं. हे सुक्यात. पावसात दुप्पट. घाटात तर दोन ओळी वगैरे विसरायचं, सगळे एकामागे एक, प्रत्येकाचं वळण प्रत्येकाने स्वतः घ्यायचं. आणि ओव्हरटेक! पुढचा गेला म्हणजे मलाही जागा आहे, हा जो हिशोब आहे ना त्याने जितके घात केलेत तितके खड्ड्यांनी नसतील केले. त्याला जागा होती, तो गेला. तुला आहे का ते तू बघ.

आणि वाट चुकण्याची भीती कशाला? लीड प्रत्येक फाट्यावर आपल्या मागच्याला हाताने जागा दाखवतो, तो तिथे उभा राहतो आणि मी, म्हणजे स्वीप, दिसेपर्यंत हलत नाही. ही सगळी भानगड केलीच आहे ती कोणाला पकडापकडी करायला लागू नये म्हणून. विळ्याच्या फाट्यावर जो थांबला होता त्याने पंधरा मिनिटं लागली म्हणून तोंड वाकडं केलं आणि नंतर ग्रुपवर ते हसणारे इमोजी टाकले. टाकू दे. थांबणं हे त्याचं काम होतं, उपकार नव्हते.

हां, मला माहिती आहे इथे तुझं काय दुखतंय. "मुलगी आहे म्हणून थांबतात" असं कोणी म्हणू नये हे तुला हवंय. कोणी तसं म्हणणारच नाही असं मी खोटं सांगणार नाही, एकदोघं म्हणतील. पण त्यांच्या तोंडासाठी तू डाव्या वळणात ट्रॅव्हलरसमोर जाणार असशील तर मला तुझा राग येईल, आत्ताही थोडा आलाच आहे.

आता माझं ऐक. २०११ साली मी लीड होतो. पल्सर २२० नवी होती, क्लब म्हणजे आम्ही सातजण, स्वीप बीप काही नाही. भोरवरून वरंध घाटाने महाडला उतरत होतो. वाघजाईपाशी भजी खाल्ली, निघालो. माझ्या मागे माझा मित्र, त्याची बुलेट, पुढच्या चाकालाही ड्रम ब्रेक, म्हणजे पिळला तरी विचार करून लागणारा. तीनचार वळणं झाली, आरशात तो नव्हता. मला वाटलं येईल. अजून दोन वळणं. येईल. मग मी थांबलो आणि पाच मिनिटांनी मागून एक स्कूटरवाला आला, म्हणाला तुमचा माणूस पडलाय.

मांडीचं हाड मोडलं होतं. फोनला रेंज नाही, १०८ ची अॅम्ब्युलन्स महाराष्ट्रात आली २०१४ ला, तेव्हा ती सोयच नव्हती, एका भाजीच्या टेम्पोत मागे क्रेट सरकवून त्याला झोपवला आणि महाडला नेला. प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता आणि मध्येच मला म्हणाला, "तू दिसेनास रे." बस तेवढंच.

मी त्याला ये म्हणालो नव्हतो. मी काही रेस लावली नव्हती, मी साठ-पासष्टच होतो, घाटात तेवढं सगळेच चालवायचे तेव्हा, आणि त्याचे ब्रेक त्याने गॅरेजला दाखवायला हवे होते, मी दोनदा बोललो होतो. हे सगळं खरं आहे. फक्त बायको म्हणते की ही गोष्ट सांगताना तुमचा स्पीड दर वर्षी पाचने कमी होतो. असेल. आरशात दिसला नाही तेव्हा पहिल्याच वळणावर थांबलो असतो तरी तो पडलाच असता कदाचित, पण तो माझ्या मागे पळत होता हे काही बदलत नाही. त्याच्या पायात रॉड आहे, गाडी विकली, त्याच्या घरी माझं जाणं येणं राहिलं नाही. दिवाळीला मेसेज पाठवतो, दोन निळ्या टिका येतात.

तेव्हापासून मी स्वीप. लीड कर म्हणाले कितीदातरी, नाही केलं. क्लबात माझ्यावर चिडतात, काकांमुळे नाश्त्याला उशीर होतो, मिसळ संपते. मी दोन वर्षांपूर्वी कमिटीत भांडून "अमुक वाजता पोचायचंच" हा प्रकार बंद करून घेतला, त्यावरून एकजण क्लब सोडून गेला, चांगला रायडर होता, मला वाईट वाटलं पण परत तेच करीन. संपू दे मिसळ.

मोठ्या गाडीचं विचारलंस. तुझी ३५० सीसीची गाडी काही कमी नाही आणि तिला एबीएस आहे, पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही इतकंच, वळणात जास्त शिरलीस तर ते तुला बाहेर ओढून काढणार नाही. ६५० घेतलीस तर त्या ट्रकनंतर तू अजून जोरात गेली असतीस. पैसे असतील तर टायर घे, मागचा मधोमध सपाट झालाय.

आणि क्लब सोडू नकोस, पण सोडलास तरी चालेल, एकटी चालव, दोन महिने. एकटीला पकडायला कोणी नसतं. परत येशील तेव्हा बघ तुझी तुलाच गंमत वाटेल. (आत्ता हे वाचून तू "काका कन्फ्यूज करतायत" म्हणशील. करतोय.)

येत्या रविवारी येणार असशील तर रस्ता ओला असेल. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल वर येतं, पांढऱ्या पट्ट्या साबणासारख्या होतात, आणि ताम्हिणीत धबधबा दिसला की लोक वळणातच गाडी लावून सेल्फी काढतात, कणसाच्या गाड्या असतात, पोरं रस्त्यावर नाचत असतात. ज्या गिअरमध्ये चढ चढशील त्याच गिअरमध्ये उतर. तू लीडच्या मागे दुसरी चालवायचीस, मी सांगून ठेवलंय, म्हणजे रबर तुझ्यापाशी ताणणारच नाही. लीडचा टेललाईट गेला तर जाऊ दे, तो तुला दाखवायला लावलेला नाहीये, त्याच्या मागच्या ट्रकसाठी आहे.

साडेपाचला चौकात, टाकी आदल्या रात्री भरून. आणि चेन बघ. रविवारी मला माझ्या हेल्मेटमधून ती वाजताना ऐकू येत होती, साफ करून ल्यूब मार आणि ढिली आहे का ते एकदा मेकॅनिकला दाखव, नाही जमलं तर शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन घरी ये, स्टँडला लावून दोघं करू.