कपडे ऐच्छिक, किनारा नव्हे

प्रश्न असा आहे: 'क्लोदिंग-ऑप्शनल बीच' (जिथे कपडे घालणं ऐच्छिक असतं असा समुद्रकिनारा) म्हणजे 'न्यूड बीच'च का, आणि मराठीत त्याला 'नग्न किनारा' म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. 'नग्न किनारा' मला पटत नाही. मराठीत किनाऱ्याआधी लावलेलं विशेषण किनाऱ्यालाच चिकटतं. खडकाळ किनारा, ओसाड किनारा, तसा नग्न किनारा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झाडंझुडपं नसलेला उघडाबोडका किनारा येतो. शिवाय मूळ शब्दाचा सगळा भर 'ऑप्शनल'वर आहे आणि नेमका तोच अर्थ इथे गळून पडतो.

आता पहिला भाग. अमेरिकेत मायामीजवळच्या हॉलओव्हर किनाऱ्यावरची पाटी प्रसिद्ध आहे. इथून पुढे तुम्हाला नग्न लोक दिसू शकतात, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. कपडे उतरवा असं ती सांगत नाही, घाला असंही सांगत नाही. ही मोकळीक म्हणजेच 'क्लोदिंग-ऑप्शनल'. बोलताना लोक अशा जागेलाही सर्रास 'न्यूड बीच' म्हणतात आणि बहुतेक वेळा जागा एकच असते. पण 'न्यूड बीच' म्हटलं की तिथे काय दिसेल ते कळतं, 'क्लोदिंग-ऑप्शनल' म्हटलं की तिथला नियम कळतो. निसर्गवाद्यांच्या ('नेचरिस्ट', म्हणजे नग्न राहणं ही जीवनपद्धती मानणाऱ्यांच्या) काही वसाहतींत पोहण्याच्या तलावात कपडे न घालण्याचाच दंडक असतो. तिथे नग्नता आहे, पण ऐच्छिक काहीच नाही, म्हणून तिथे हा शब्द लागू पडत नाही.

'नेचरिस्ट बीच' हा शब्द आणखी वेगळा. त्यामागे एक जीवनदृष्टी आहे: निसर्गाशी जुळवून घेणं आणि इतरांसोबत संकोचाविना नग्न असणं. ब्रिटनमध्ये हाच शब्द रुळलेला आहे. ब्रायटनचा असा किनारा 1980 साली सुरू झाला. जर्मनीत पाटीवर 'एफकेके' एवढी तीन अक्षरं पुरतात. ती 'फ्रायकॉर्परकुल्टुर' या शब्दाची आद्याक्षरं, म्हणजे मुक्त देहाची संस्कृती. कपडे घालून पोहण्याच्या किनाऱ्याला जर्मन लोक 'टेक्स्टिलश्ट्रांड', म्हणजे कापडी किनारा म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण नाव देण्याची पाळी इथे कपडेवाल्यांवर येते.

आता मराठीकडे. अंगावर कपडे नसण्याला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचं वजन वेगळं. 'उघडा' आणि 'नागडा' एक नव्हेत. सदरा काढून बसलेला माणूस उघडा असतो, नागडा नसतो. 'उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात्र हिवानं मेलं' ही म्हण या फरकावरच उभी आहे. 'नागडं' लहान मुलाबद्दल लाडानं येतं, मोठ्या माणसाबद्दल आलं की शिवीकडे झुकतं. 'नागवणे' तर थेट लुबाडणं. 'विवस्त्र' आणि 'निर्वस्त्र' वरवर सभ्य वाटतात, पण बातम्यांत 'विवस्त्र करून मारहाण' इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यांना जबरदस्तीची सावली चिकटली आहे. जिथे सगळं स्वखुशीनं चालतं, त्या जागेला हे शब्द मी लावणार नाही. 'दिगंबर' सुंदर आहे. दिशा हेच ज्याचं वस्त्र तो दिगंबर. पण तो शंकराचा, दत्ताचा, जैन मुनींचा शब्द आहे, त्याला वाळूत ओढू नये. उरतो 'नग्न', आणि गरज पडेल तिथे तोच सर्वांत तटस्थ.

'ऑप्शनल'साठी 'वैकल्पिक' सुचवला जातो. पण विकल्प म्हणजे याऐवजी ते. करावं किंवा करूच नये अशी मुभा असेल तिथे 'ऐच्छिक' हवं, शाळेतल्या ऐच्छिक विषयासारखं. मग 'वस्त्रैच्छिक किनारा' म्हणावं का? संधी बरोबर आहे, पण शब्दांचा क्रम इंग्रजीचा आहे आणि ऐकताना अर्थ लागत नाही. आपल्या बहुव्रीही समासात विशेषण बहुधा आधी येतं: पीतांबर, नीलकंठ. त्या चालीवर 'ऐच्छिकवस्त्र' होईल. व्याकरणाला ते मान्य होईल, पण जिभेला होणार नाही.

मी स्वतः 'कपड्यांची सक्ती नसलेला किनारा' असं लिहीन. चार शब्द लागतात खरे, पण अर्थ पहिल्या वाचनात पोचतो. (वाळूच्या किनाऱ्याला 'पुळण' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. ज्यांच्या तोंडी तो असेल त्यांनी जरूर वापरावा.) पाटीवर लिहायचं तर 'कपडे ऐच्छिक' पुरे. लेखात हा उल्लेख वारंवार येणार असेल, तर पहिल्यांदा पूर्ण वर्णन द्यावं आणि पुढे 'मुक्तवस्त्र किनारा' म्हणावं. 'मुक्तछंद'मुळे कानाला तो ओळखीचा वाटतो. छंदाचं बंधन नसतं तो मुक्तछंद, तसं वस्त्राचं बंधन नसतं तो मुक्तवस्त्र.